गाडी पकडली

मधूभाऊजी माझ्या घरात कधीही सरळ येत नाहीत. घंटा वाजवतात. दार उघडलं की उंबऱ्याबाहेरच थांबतात, पिशवी दोन्ही हातांनी उघडी धरतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "जाहीर! पेरू सहा, छत्री एक, टॉवेल एक, ब्लडप्रेशरच्या गोळ्या. बास." मी "या" म्हटल्याशिवाय पाऊल आत पडत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हळूच मला विचारलं होतं, "भाभीजी, ये पेरू किस भाव दे रहे हैं?"

मुलांनो, तुम्ही ज्यांना मधूआजोबा म्हणता ते हेच. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. धारला एकटे राहतात. लग्न केलं नाही. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. पोरं त्यांना मागे 'हद्द सर' म्हणायची, कारण वर्गात "हद यानी हद" आणि घरात "हद्द ती हद्द" हे वाक्य दिवसातून चारदा तरी व्हायचंच.

या जाहीर करण्याचं मूळ त्यांच्या आजोबांपाशी आहे. ते धार संस्थानात सायर अंमलदार होते. जकातीला तेव्हा सायर म्हणत. एकदा त्यांची स्वतःची बायको माहेरून आंब्यांची करंडी घेऊन आली, तर यांनी बैलगाडी नाक्यावर उभी केली, आंबे मोजले आणि बायकोकडून सायर वसूल केला. बिचारी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. घरातले सगळे ही गोष्ट हसत सांगतात. भाऊजी मात्र सांगताना उठून उभे राहतात.

आणि आमचं देवास म्हणजे एकेकाळी दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती. हद्द कुठे कुठे एकाच रस्त्याच्या मधून जायची. माझं घर धाकट्या पातीत, म्हणजे भाऊजींच्या हिशेबी परराज्यात.

"अहो, संस्थानं विलीन होऊन किती काळ लोटला!" मी एकदा म्हटलं.

"असेल," ते म्हणाले. "मला लेखी कळवलेलं नाही."

त्यांची दुसरी खोड म्हणजे निरोप. मोबाइलवर संदेश पाठवतात, पण जुन्या तारेसारखा, जणू प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची बातमी कळल्यावर त्यांचा निरोप आला, "डोळा कळला. येतो." तुमच्यातल्या थोरलीचा जन्म झाला तेव्हा, "नात. उत्तम." तीनपेक्षा जास्त शब्द आले की मीच धसकते.

तर गेल्या हिवाळ्यात त्यांचा पाच शब्दांचा निरोप आला. "शालनची गाडी धारला आणतो. कळावे."

शालन म्हणजे माझी नणंद, भाऊजींच्या पाठची बहीण. इंदूरला शिकत असताना तिनं एका नेपाळी डॉक्टरशी लग्न ठरवलं. घरात दोन दिवस कोणी जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टर भेटायला आले आणि सगळ्यांना इतके आवडले की त्या दिवशी सगळे जरा जास्तच जेवले. लग्नानंतर दोघं नेपाळात वीरगंजला गेली, सरहद्दीला लागूनच. पलीकडे आपलं रक्सौल. शालननं तिथे नर्सेस शिकवल्या, दोन मुलं वाढवली आणि पन्नाशीनंतर एक लाल, छोटी गाडी घेऊन ती चालवायला शिकली. दर भाऊबीजेला तिचा फोन यायचा. "भाऊ, एकदा या हो. तुम्हाला गाडीत घालून सगळं गाव दाखवते."

"पुढच्या वर्षी," भाऊजी म्हणायचे. "परदेश आहे. तयारी लागते."

हे बरीच वर्षं चाललं. मागच्या वर्षी शालन अचानक गेली. बातमी धारला पोहोचली तोवर सगळं उरकलं होतं. आता डॉक्टर घर आवरून मुलाकडे दूरदेशी जाणार होते. त्यांनी नेपाळी रीतीनं, थोरल्या भावाला म्हणतात तसं 'दाजू' म्हणत विचारलं, "मधूदाजू, तिची एखादी वस्तू हवी का?" आणि भाऊजी म्हणाले, "गाडी."

मी लगेच फोन केला. "भाऊजी, तुम्हाला गाडी चालवता येत नाही."

"शिकतोय," ते म्हणाले.

त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी धारच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं. शिकवणाऱ्या गृहस्थांचीच आधी परीक्षा झाली. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी भाऊजी ब्रेक दाबायचे आणि खिडकीतून डोकं काढून दोन्हीकडे बघायचे. "अरे सरजी, गली है ये, नाका नहीं है! निकालो भिया, निकालो!" असं तो माणूस ओरडायचा. मागून ट्रॅक्टरवाले ओरडायचे. पंधरा दिवसांत भाऊजी गाडी थांबवायला उत्तम शिकले.

मी इकडे संगणकावर बसून आयातीचे नियम काढले, छापले आणि भाऊजी आले तेव्हा एकेक कलम मराठीत सांगितलं. जुनी गाडी बाहेरच्या देशातून आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी. शालनची गाडी अकरा वर्षांची. शिवाय जुन्या गाड्या फक्त मुंबई बंदरातूनच आणायच्या.

"वीरगंजहून रक्सौलला यायला मुंबई बंदर?" भाऊजींनी चष्मा काढला. "वहिनी, नेपाळला समुद्र नाही."

"भूगोल मला शिकवू नका. नियम सांगतेय."

"लेखी आहे?"

"लेखी आहे." मी कागद पुढे केला. खाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि चहा न घेता धारला गेले. मला वाटलं, संपलं. लेखी म्हटल्यावर भाऊजींच्या पुढे काही उरत नाही.

आठ दिवसांनी फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"वहिनी, रक्सौलच्या एका गृहस्थांशी बोललो. भला माणूस वाटला."

"काय म्हणतो भला माणूस?"

"म्हणतो, चाचाजी, खेतों में से एक रास्ता है. नंबर-वंबर, कागज-वागज, सब इधर हो जाएगा." मग आणखी हळू म्हणाले, "म्हणतो, सगळेच आणतात."

मी वाट पाहिली. आता म्हणतील, 'हद्द ती हद्द.' म्हणाले नाहीत. "ठेवतो," एवढंच म्हणाले.

खरं सांगते, मी घाबरले. ज्या माणसानं माझ्या दारात आयुष्यभर पेरू मोजून दाखवले, तो चोरवाटेनं गाडी आणायचा विचार करत होता. पकडले गेले तर या वयात कोर्टकचेऱ्या. आणि नाही पकडले गेले, तर ते आणखी वाईट. त्या गाडीत बसून हा माणूस एक दिवसही सुखानं श्वास घेणार नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी पुन्हा फोन लावेपर्यंत ते निघाले होते. इंदूरहून पाटणा, पुढे रक्सौल. पहिल्या दिवशी निरोप आला, "पाटणा. ठीक." दुसऱ्या दिवशी, "वीरगंज. डॉक्टर बारीक झाले." मग दोन दिवस काहीच नाही. फोन लावला की पलीकडून कुणी बाई नेपाळीत काहीतरी सांगून बंद व्हायची.

पाचव्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. फोन टिणटिणला.

"रक्सौलला गाडी पकडली. काळजी नको."

हातातली मेथी तशीच राहिली. चारचारदा वाचलं. पकडली. रक्सौलला. म्हणजे चोरवाटेनं हद्द ओलांडून इकडे आल्यावर पकडली! आणि वर 'काळजी नको' म्हणे. फोन लावला तर बंद. अर्थातच, पोलिसांनी काढून घेतला असणार.

अशा वेळी मला एकच गोष्ट सुचते. मी फाइल केली. भाऊजींच्या आधार कार्डाची प्रत, पेन्शनचा कागद, ब्लडप्रेशरची चिठ्ठी, शाळेनं निवृत्तीच्या वेळी दिलेलं सचोटीचं प्रशस्तिपत्र. सगळ्यांवर क्रमांक घातले आणि खालच्या मजल्यावरच्या वकिलांना वर बोलावलं. ते आपल्यातलेच, पण शिक्षण हिंदीत झालेलं, त्यामुळे अर्धं वाक्य इकडचं, अर्धं तिकडचं.

"काकू, टेन्शन नका घेऊ. उमर किती? त्र्याहत्तर? फिर तो जमानत होऊन जाईल."

"जामीन! अहो, अटक झाली का नाही तेच माहीत नाही."

"वो पता करून टाकतो ना. गाडी कोणाच्या नावावर?"

"वारलेल्या बहिणीच्या."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "अरे बाप रे," ते म्हणाले, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

तो दिवस आणि दुसऱ्या दिवशीची दुपार कशी गेली ते लिहीत नाही. तुमच्या बाबांनाही कळवलं नाही. रक्सौलला कुठे फोन करायचा, कुणाला विचारायचं, याची यादी घेऊन वकील पुन्हा वर येऊन बसले होते. मी चहा टाकला होता. तेवढ्यात घंटा वाजली.

दार उघडलं. उंबऱ्याबाहेर भाऊजी. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा, हातात उघडी पिशवी आणि एक रेघी कागद.

"जाहीर!" ते म्हणाले. "शर्ट दोन, टॉवेल एक, छत्री एक, डॉक्टरांनी दिलेला चहाचा पुडा एक, तुमच्यासाठी लोकरी शाल एक..." इथे ते कागदाकडे बघत थोडे अडखळले, मग त्याची घडी केली. "बास."

तो शब्द ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी तिथेच भिंतीला टेकले आणि डोळ्यांतून पाणीच आलं.

"वहिनी, काय झालं? आणि हे वकील कशाला?"

"अहो, तुमची गाडी पकडली ना!"

"पकडली. पकडणार नाही तर काय? दोन तास लेट होती, तरी पकडली. खिडकीची जागासुद्धा मिळाली."

मी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी माझ्याकडे. मग फोनवरचा निरोप भाऊजींच्या नाकासमोर धरला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"गाडी म्हणजे रेल्वेगाडी," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला वाटलं, मी..."

"'खेतों में से रास्ता' कोण म्हणालं होतं?"

वकील हसू दाबत उठले. "काका, पुढच्या वेळी एक शब्द जास्त लिहून टाका ना. मी तर तुमची जमानत करून टाकली असती!" त्यांनी फाइल टेबलावर ठेवली. भाऊजींनी ती चाळली. आपलं प्रशस्तिपत्र चौथ्या क्रमांकावर आहे हे पाहून थोडे नाराज झाले.

जेवताना मग सगळं सांगितलं. डॉक्टर गाडी चालवत होते, भाऊजी शेजारी, मागे तो भला माणूस. शेतांतून बरंच आत गेल्यावर त्यानं बोट दाखवलं. समोर सरळ पायवाटेएवढा रस्ता. एका बाजूला पांढरा चुनखडीचा सीमेचा खांब.

"मी खाली उतरलो," भाऊजी म्हणाले. "खांबावरचा आकडा वाचला. पोरांना इतकी वर्षं नकाशावर रेघ दाखवली, प्रत्यक्ष खांब पहिल्यांदाच बघितला. जरासाच असतो हो, कमरेएवढा. कुणीही ओलांडावा." त्यांनी भाताला हात लावला नाही. "मग डॉक्टरांना म्हटलं, गाडी वळवा."

"तो भला माणूस?"

"चिडला. बुढ्ढे ने पूरा दिन खराब कर दिया, म्हणाला. त्याचंही बरोबर आहे."

मग संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी त्यांना त्या लाल गाडीतून वीरगंजभर फिरवलं. शालनचं हॉस्पिटल, तिचा भाजीवाला, तिची नेहमीची गाडी लावायची झाडाखालची जागा. दुसऱ्या दिवशी गाडी तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका नर्सला देऊन टाकली. भाऊजींनी स्वतः किल्ली दिली आणि वळणावर ब्रेक कसा लावायचा ते तिला समजावून सांगितलं.

ते दुपारी झोपले तेव्हा मी धुवायचे कपडे काढायला त्यांची पिशवी उचलली. सगळं सामान बाहेर काढून झालं होतं, तरी पिशवी फुगलेलीच. तळाशी एक चपटी उशी होती. माहेश्वरी लुगड्याच्या कापडाची, रंग उडालेली, एका कोपऱ्यात उसवलेली. मी ती ओळखली. सासूबाईंनी शिवलेली. शालनला भाऊजी सायकलच्या कॅरियरवर बसवून शाळेत न्यायचे, तेव्हा लोखंड टोचतं म्हणून. लग्नाच्या पेटीत ती उशी शालननं स्वतः घातली होती. बुटकीला स्टिअरिंगच्या वरून रस्ता दिसायचा नाही, म्हणून पुढे ती गाडीच्या सीटवर आली असणार.

उशीखाली तो रेघी कागद होता. सरहद्दीवर दाखवायला भाऊजींनी आपणहून केलेली यादी, वळणदार अक्षरात तीन रकाने. वस्तू, नग, किंमत. शर्ट, टॉवेल, छत्री, चहा, शाल, सगळ्यांसमोर आकडे. शेवटच्या ओळीत 'उशी', पुढे 'एक', आणि किंमतीच्या रकान्यात काहीच नाही. तिथे नुसता पेन टेकवून टेकवून शाईचा ठिपका झाला होता. मग सबंध ओळच खोडली होती.

मी कोपरा शिवला आणि उशी होती तशी परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांना धारच्या बसमध्ये बसवायला गेले. खिडकीशी त्यांनी उशी ठेवली आणि आपण तिच्या अलीकडे बसले. बस भरत आली. कंडक्टरनं उशीकडे बोट केलं. "बाबूजी, यहाँ कोई आ रहा है क्या? नहीं तो हटाओ, सवारी बैठेगी."

भाऊजींनी खिशात हात घातला, पैसे पुढे केले आणि म्हणाले,

"दो धार."