उगमापाशी स्वेटर

"वस्तू घ्यावी ती तिच्या उगमापाशी. मधल्या माणसाकडून घेणं म्हणजे आपल्याच मूर्खपणावर त्याला कमिशन देणं," असं चारुदत्त मोघे यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाहीर केलं. जाहीर करताना ते बनियनवर होते, डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई पिशवी घेऊन दाराशी तयार उभ्या होत्या. विषय स्वेटरचा होता.

दर हिवाळ्यात रायपुरात तिबेटी लोकांचा गरम कपड्यांचा बाजार लागतो. मोघ्यांच्या तात्यापाऱ्यातल्या घरापासून तो इतका जवळ, की भाजी फोडणीला टाकून गेलं तरी करपायच्या आत परत येता यावं. विनोदिनीबाईंना तिथून चार स्वेटर आणायचे होते.

"हे लोक राहतात कुठं?" चारुदत्तांनी विचारलं. "मैनपाटला. आपण पुढच्या आठवड्यात सहलीला कुठं जाऊन राहिलो? मैनपाटलाच. मग इथं काहून घ्यायचे?"

"कारण ते इथं विकायला बसून राहिले," विनोदिनीबाई म्हणाल्या.

चारुदत्तांना हा मुद्दा वरवरचा वाटला. रायपुरातल्या सरकारी कचेरीत त्यांनी उभी नोकरी फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे सरकवण्यात काढली होती. आयुष्यभर स्वतःच मधला माणूस असल्यामुळे मधल्या माणसांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

मैनपाट म्हणजे छत्तीसगडातलं थंड हवेचं ठिकाण, पण तिथली सहल निव्वळ हौसेची नव्हती. तिच्यामागे एक वाक्य होतं. मे महिन्यात त्यांच्या राधिकाचं लग्न झालं, चंद्रपूरच्या मुलाशी. ऐन सीमांतपूजनात कार्यालयाचे कूलर बंद पडले आणि वरपिता शामराव घामानं निथळत सर्वांदेखत म्हणाले, "इवाई, पोरगी सोन्यासारखी देल्ली, पण आमची वरात भाजून काढली." व्याह्यांना ते वऱ्हाडी रीतीनं इवाईच म्हणत. आता चंद्रपूरच्या माणसानं उन्हाची तक्रार करावी म्हणजे मासोळीनं ओलाव्याची तक्रार करण्यासारखं झालं. पण वरपित्याच्या तक्रारीला तर्क लागत नाही. तेव्हापासून ते वाक्य बारशांना, मुंजींना आणि एका तेराव्यालाही सांगितलं गेलं होतं. "बाबा, आता तर पाहुणेच म्हणतात, ते वरात भाजल्याचं सांगा," राधिका फोनवर म्हणाली होती, आणि म्हणताना हसली नव्हती.

तेव्हा व्याह्यांना कडाक्याच्या थंडीत न्यायचं, दोन दिवस गार ठेवायचं आणि ते वाक्य कायमचं विझवायचं, असा बेत होता. वर मानपान म्हणून स्वेटर, थेट उगमापाशी, व्याह्यांच्या पसंतीनं. "गरम कपडे काही आणू नका," चारुदत्तांनी शामरावांना फोनवर बजावलं. "तिथं मी घेऊन देणार. तुम्ही फक्त या." शामरावांना हे जड गेलं नाही. त्यांच्या घरात गरम कपडा म्हणजे नुकती इस्त्री झालेला शर्ट. विनोदिनीबाईंनी ट्रंकेतले जुने स्वेटर बॅगेत भरले होते, तेही चारुदत्तांनी काढायला लावले. खरेदीला जागा हवी होती.

रेल्वेत पांघरूण मिळतं, त्यामुळे अंबिकापूरपर्यंत काही बिघडलं नाही. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि शामरावांच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातून वारा आरपार गेला. त्यांच्या पत्नी वनमालाबाईंनी दोन्ही कानांवरून पदर घट्ट ओढून घेतला.

"इथंच एखादं दुकान पाहू का?" विनोदिनीबाई नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या.

"उगम अजून वर आहे," चारुदत्त म्हणाले आणि टॅक्सीत पुढे बसले.

टॅक्सीवाल्यानं त्यांना मैनपाटच्या लॉजवर सोडलं आणि परवा सकाळी येतो म्हणून तो खाली निघून गेला. लॉजच्या मॅनेजरचं नाव गौतम. तो कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि वर जाकीट घालून काउंटरमागे बसला होता. त्याला पाहून चारुदत्तांचा जीव सुखावला. माल भरपूर दिसत होता.

"भैया, स्वेटर का मार्केट किधर है?"

"स्वेटर?" गौतमनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "स्वेटरवाले तो सब नीचे गए हैं, साहब."

"नीचे मतलब?"

"कोई बिलासपुर, कोई रायपुर. ठंड खतम होगी तब आएँगे."

"लेकिन ठंड तो यहाँ है."

"हव," गौतम म्हणाला. "पर यहाँ बेचेंगे किसको? यहाँ तो सबके पास है."

चारुदत्तांनी या उत्तरात खोट शोधली. उभी नोकरी दुसऱ्यांच्या फायलींत खोट शोधण्यात गेली होती. पण ही फाईल पक्की होती.

खोलीत येऊन त्यांनी "आज बाजाराला सुट्टी आहे" असं जाहीर केलं. विनोदिनीबाईंनी नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढं पुरतं.

"काही हरकत नाही," शामराव म्हणाले. त्यांनी बॅगेतले सगळे शर्ट एकावर एक चढवले होते आणि आता त्यांना कोपरात हात वाकवता येत नव्हता. "उद्या घेऊ. तोवर नुसत्या टोपीची काही सोय होते का पहा, इवाई. टाळू बधिर होऊन राहिली."

चारुदत्त गाव पालथं घालून आले. चहा, मॅगी, वेफर्स, सगळं होतं. एका दुकानात एकुलती एक लोकरीची टोपी मिळाली. ती लहान मुलाची होती आणि तिला सशाचे कान होते. मुलीच्या बापानं ती दोन्ही हातांनी वरपित्याच्या डोक्यावर ठेवली. वरपित्यानं आरशात पाहिलं, पण टोपी काढली नाही.

दुपारी लॉजच्या रजया अंगावर घेऊन चौघं बाहेर पडले. "रजई बाहर नहीं ले जाना है," असं गौतम म्हणाला होता. मग त्यानं शामरावांच्या ओठांचा रंग पाहिला आणि तो दुसरीकडे बघू लागला. रजया लाल होत्या, त्यांच्यावर पिवळी फुलं होती आणि चारही एकसारख्या होत्या.

मैनपाटला जलजली नावाची जागा आहे. तिथं उडी मारली की पायाखालची जमीन गादीसारखी हलते. "उड्या मारा, ऊब येईल," चारुदत्तांनी सुचवलं. चौघांनी उड्या मारल्या. चार फुलांच्या रजया वरखाली होऊ लागल्या आणि सशाचे कान त्यांच्यापेक्षा थोडे उशिरा. तेवढ्यात सहलीला आलेल्या एका गृहस्थानं शामरावांची रजई दोन बोटांनी चाचपून पाहिली.

"भैया, ये कितने में दोगे?"

शामराव उडी मारायचे थांबले. जमीन आणखी थोडा वेळ हलत राहिली.

"इवाई, हा मले दुकानदार समजून राहिला."

"तुमच्या चेहऱ्यावर सचोटी आहे, म्हणून," चारुदत्त म्हणाले. शामरावांनी ही गोष्ट मनात कुठल्या बाजूला मांडली ते कळलं नाही. "मी जरा चांगला चहा कुठं मिळतो ते पाहून येतो," असं म्हणून चारुदत्त तिबेटी वस्तीकडे सटकले.

वस्तीत बहुतेक दारांना कुलपं होती. एका अंगणात एक म्हातारी आजी उन्हात बसून माळ ओढत होती. तिच्या अंगात जाडजूड, मरून रंगाचा, गळ्यापर्यंत बंद स्वेटर होता. चारुदत्तांनी त्या स्वेटरकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं त्यांनी विनोदिनीबाईंकडेही कधी पाहिलं नव्हतं.

"अम्मा, स्वेटर मिलेगा? कोई भी. पुराना भी चलेगा."

"मेरा?" म्हातारीनं माळ थांबवली आणि ती मनापासून हसली. "मेरा नहीं. मेरा बेटा दुकान लगाता है. फोन लगाती हूँ, उससे बात करो."

तिला कमी ऐकू येत असावं, कारण तिनं फोन स्पीकरवर लावला.

"हाँ अंकल," मुलाचा आवाज अंगणभर पसरला. "सब साइज़ है. आप कहाँ से हो?"

"रायपुर से."

"अरे, मैं भी रायपुर में ही बैठा हूँ. आप रायपुर में कहाँ रहते हो?"

चारुदत्तांच्या लक्षात आलं की पुढचं उत्तर देऊ नये. पण सरकारी माणसाला पत्ता विचारला की तो दिला जातो.

"तात्यापारा."

"तो फिर दिक्कत क्या है? पैदल आ जाओ, अंकल."

"पण... माल तो यहाँ का है ना? मैनपाट का?"

"नहीं, अंकल. माल तो लुधियाना से आता है."

फोन बंद झाला. चारुदत्त वळले. अंगणाच्या फाटकापाशी लाल रजई उभी होती आणि तिच्या वर सशाचे दोन कान. शामराव चहाच्या आशेनं मागोमाग आले होते.

म्हातारीनं दोघांना घरात नेऊन शेगडीपाशी बसवलं. विहिणींनाही बोलावून घेतलं. लोणी घातलेला खारट चहा वाडग्यांतून फिरला. वनमालाबाईंनी तो ताकाच्या कढीसारखा आहे असं ठरवून घेतला आणि त्यात भात असता तर बरं झालं असतं, असं विनोदिनीबाईंना सांगितलं. विहिणींची गट्टी जमली. शामराव वाडग्यामागून वाडगा पीत होते, पण एक अक्षर बोलत नव्हते. बोलणारा वरपिता एक वेळ परवडतो. गप्प बसलेला वरपिता वाक्य रचत असतो.

रात्री चारुदत्तांनी रजईत पडल्या पडल्या ते वाक्य स्वतःच रचून पाहिलं. 'मे महिन्यात भाजलं, डिसेंबरात गोठवलं.' वाक्य उत्तम होतं. पहिल्यापेक्षा सुटसुटीत होतं, पाठ करायला सोपं होतं आणि राधिकाच्या डोहाळजेवणापासून नातवाच्या मुंजीपर्यंत कुठंही चाललं असतं.

सकाळी जाग आली तेव्हा शामरावांची खाट रिकामी होती. बाहेर रात्रीतून पाला, म्हणजे गोठलेलं दंव, पडला होता. गवत, कुंपण, गौतमच्या मोटारसायकलची सीट, सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात लाल रजई उभी होती आणि फोन तोंडासमोर धरून मोठमोठ्यानं बोलत होती. बंद खिडकीतून शब्द ऐकू येत नव्हते. फोन बंद करून शामराव गंभीर चेहऱ्यानं लॉजकडे वळले.

"इवाई, जरा बाजूले या. एक बोलाचं होतं. मानाची गोष्ट हाय."

चारुदत्तांनी रजई सावरली आणि माफीचं पहिलं वाक्य तोंडात जुळवलं. "शामराव, चूक माझी आहे. मी—"

"माझा साळा हाय न, नरहरी," शामराव त्यांचं ऐकतच नव्हते. "मागच्या साली शिमल्याले गेल्ता. तवापासून घरी आला का बर्फच सांगून राहिला. वर्षभर आयकून राहिलो मी. आज त्याले व्हिडिओवर हे पांढरं गवत दाखवलं. तो म्हणे, हे काय व्हय? अन् माझ्या तोंडून निघून गेलं."

"काय?"

"बर्फ."

"पण हा पाला आहे."

"मले नाही समजत का? शेतकऱ्याचा पोरगा हाव मी. पण निघून गेलं. त्याचा काही इश्वास बसला नाही. म्हणे, छत्तीसगडात बर्फ कुठला? मी मोघेसाहेबालेच फोन लावतो. तो सरकारी माणूस हाय, खोटं बोलणार नाही."

मे महिन्यापासून आरोपी असलेला माणूस एका सकाळीत साक्षीदार झाला होता, आणि या बढतीची चारुदत्तांना सवय व्हायला वेळ लागत होता.

"आणि ते," त्यांनी जपून विचारलं, "ते वरात भाजल्याचं?"

"ते आता कोण सांगते? बर्फातून आलेला माणूस कूलरचं सांगत बसते का?"

चारुदत्तांच्या रजईतला फोन वाजू लागला. नंबर चंद्रपूरचा होता. त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि फोन उचलण्याआधी नुसतं एवढंच विचारलं, "घोट्यापर्यंत म्हणू, की गुडघ्यापर्यंत?"

शामरावांनी रजईतून दोन्ही हात बाहेर काढले आणि जोडले.

"घोट्यापर्यंतच सांगा, इवाई. गुडघ्यापर्यंत म्हटलं तर तो फोटो मागते."