त्रिनिदादची स्वारी

जगात कुठेही मिरवणूक निघो, तिची शेवटची गाठ तंजावूरच्या माणसानेच मारावी, असे वरुणरावांचे ठाम मत होते. हे मत मंगळवारपासूनचे होते. त्या दिवशी पुतणी भुवनाने सांगितले की कॉलेजच्या स्पर्धेत तिचा गट त्रिनिदादच्या कार्निवलचा नाच करणार आहे, आणि सर्वांत पुढे नाचणारीला पाठीवर पिसांचे भलेमोठे पंख लागतात.

वरुणरावांनी त्या नाचाची चित्रफीत पाहिली, आवाज बंद करून. तारेचा सांगाडा, वर रंगीत पिसे. उत्सवमूर्ती सजवण्यात त्यांची हयात गेली होती. यात नवे काय?

शनिवारी दुपारी घरासमोर, रस्त्यावरच त्यांनी स्वतः बनवलेले पंख भुवनाच्या पाठीला बांधले. पालखीत मूर्ती बांधतात तसे, ओल्या सुती दोरीने. वाळली की ती आवळते. मूर्ती कधी तक्रार करत नाही. भुवना करू लागली.

"काका, श्वास घेता येत नाही. सोडा जरा, तिथं जाऊन परत बांधू."

वरुणरावांनी गाठीला नख लावले. मग दुसरे नख लावले. "कापली तर सगळा सांगाडा उलगडेल," ते म्हणाले.

नाच चारला होता. उशीर झाला तर पुढची जागा गटातल्या हरिप्रियाला, असे नाच बसवणाऱ्या बाईंनी बजावले होते, आणि हरिप्रिया सकाळपासूनच सांत्वनाचे संदेश पाठवत होती.

सहा फुटी पंख रिक्षात मावेनात. शेवटी टेम्पोवाल्या सुंदरचा छोटा हत्ती बोलावला. भुवना मागे उभी राहिली आणि गाडी निघाली. देवळाच्या रस्त्यावर एका आजीने तो झगमगाट पाहिला आणि पेटत्या कापराचे ताट घेऊन ती आडवी आली. ताट समोर आले की देवाची स्वारी थांबते. तंजावूरमध्ये सगळे पाळतात असा वाहतुकीचा हा एकच नियम. सुंदरने ब्रेक दाबला.

"काका, त्यांना सांगा ना मी कोण आहे ते."

वरुणराव सांगायलाच उतरले. पण कुठल्या देवळाची स्वारी, असे आजीने विचारताच त्यांच्या तोंडून त्रिनिदाद निघून गेले. आजीने डोळे मिटून हात जोडले. तोवर पुढच्या प्रत्येक दारात ताट तयार होते. भुवनाच्या गळ्यात हार पडत गेले, आणि ज्योती पिसांच्या आणखी जवळ येत गेल्या.

"हलू नकोस," वरुणराव दबक्या आवाजात म्हणाले. "हसरा चेहरा ठेव."

"देवी रडत नाही का कधी?"

सुंदरने गाडी एका बोळात घातली. कॉलेजात पोहोचले तेव्हा वाजंत्री सुरूच होत होती. हरिप्रिया पुढच्या नर्तिकेचा मुकुट हातात धरून पायरीवर उभी होती; तिने तो निमूट भुवनाच्या डोक्यावर ठेवला. एक पीस गळले नव्हते, एक गाठ ढिली झाली नव्हती. वरुणरावांना भरून आले.

"जा," ते म्हणाले.

भुवना धावली, आणि थांबली. सभागृहाचे दार साडेतीन फूट रुंद होते.