डॅफोडिलचं वाण

आखातातल्या फुजैराच्या वाळूत विलायती डॅफोडिल फुलवणारा पहिला मराठी माणूस मीच ठरणार, हे मी ऑक्टोबरातच कॉलनीभर सांगून टाकलं होतं. खास करून बदरुद्दीनला! आमच्या कंपनीच्या कॉलनीत दर मार्चला बागांची स्पर्धा होते आणि सलग दोन वर्षं कप या शेजाऱ्याच्या घरी गेला होता. रत्नागिरीचा माणूस, नुसती काडी खोचली तरी पालवी फुटते. यंदा कप माझ्या शोकेसमध्ये यायलाच हवा होता.

ही डॅफोडिलं बुटकी, जेमतेम वीतभर. पण नखरे केवढे! लावण्याआधी कंदांना तीन महिने थंडी लागते, आणि आमच्याकडे थंडी फक्त फ्रीजमध्ये असते. बायकोच्या, म्हणजे विद्युल्लताच्या, हातापाया पडून मी भाजीचा ड्रॉवर मिळवला. तीस कंद, प्रत्येकाला वेगळं कागदी पाकीट आणि त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लावण्याची कृती. मी पद्धतशीर माणूस आहे.

जानेवारीत विद्युल्लताने हळदीकुंकू केलं. त्या दिवशी मी टर्मिनलवर एका जहाजापायी अडकलो. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर ड्रॉवर रिकामा!

"वाणाचे डबे मुंबईहून येणार होते, ती बॅगच आली नाही," ती म्हणाली. "बायका दारात. मग तुमची पाकिटं लुटली. सगळ्यांना पॅकिंग फार आवडलं हो."

"अगं, मग परत आण ना."

"वाण परत मागतात का कुठे?"

खलास! दुसऱ्या दिवशी मीच निर्लज्जपणे बदरुद्दीनकडे गेलो. त्याच्या बायकोने, झुबेदाभाभींनी, कंद दूधपावडरच्या डब्यात लावलासुद्धा होता. विद्युभाभींनी प्रेमाने दिलाय, जिवापाड जपेन, म्हणाल्या. मी पाणी किती घालायचं ते सांगून परत आलो.

पाकिटांवर अक्षर माझं, त्यामुळे पुढे सगळ्या घरांतून मलाच फोन. कुणाला कोंब आला, कुणाचं पान पिवळं पडलं. ऑफिस सुटलं की मी दारोदार फिरायचो. मार्चमध्ये कॉलनीभर पिवळी फुलं डोलत होती आणि माझ्या वाफ्यात उत्तम खत घातलेली माती होती. परीक्षकांनी तीही वाकून, बराच वेळ, आदराने पाहिली.

कप झुबेदाभाभींना मिळाला. माइक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ये सब एकाच घरामुळे झालं."

माझा ऊर भरून आला. शर्ट नीट करत मी उठलो.

"विद्युभाभी, तुम्ही वर या."

मी उठलोच होतो, म्हणून बदरुद्दीनने मोबाईल माझ्या हातात दिला. "अंबादासभाय, सगळ्यांचा एक फोटो काढा. यल्ला, चला लवकर."

काढला. घरी आल्यावर आमची लेक पर्णिका तो मोठा करून बघत होती.

"बाबा, युअर थम्ब इज इन इट."

म्हणजे मीही आहे फोटोत.