शेऱ्याचा रकाना

वंशवृक्ष हे सत्यशोधनाचं सर्वोच्च साधन आहे, असं निवृत्त ग्रंथपालांचं ठाम मत होतं. गुडघ्यामुळे फिरायला जाणं बंद झालं, तेव्हापासूनचं.

त्यांनी नळीत थुंकी भरून तपासणीला पाठवली. महिन्याने संगणकावर निकाल आला. डीएनए जुळला : सदस्य ४१७. नातं : भाऊ.

"दादाच असणार, अहो," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली.

"दादा? तो स्वतःचा पत्ता कुणाला देत नाही, थुंकी देईल?"

दादाशी नऊ वर्षं अबोला होता. कारण शिडी. दादाने नेली होती; तो म्हणे परत आणून ठेवली; ग्रंथपाल म्हणत, नाही ठेवली.

मग उरली एकच शक्यता. वडिलांना बाहेर आणखी एक मुलगा होता. वडील वजनमापांचे निरीक्षक. जन्मात कुणाला ग्रॅमची सूट दिली नव्हती. ग्रंथपालांना दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी त्या परक्या भावाची दया आली. बिचाऱ्याला आपली माणसं तरी कळोत, म्हणून त्यांनी अख्खा वंशवृक्ष त्याला पाठवला. सोबत लिहिलं, 'आमच्या दादाला कळू देऊ नका. वडील म्हणजे त्याचा देव. कोसळेल तो.'

पाठवल्यावर आठवलं, की पस्तीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक नावापुढे आपण शेराही लिहिलाय.

"आत्यांपुढे काय लिहिलंत?"

"वस्तू परत न करणे."

"आणि माझ्यापुढे?"

"तुझ्यापुढे जागा पुरली नाही."

"दादांपुढे?"

ग्रंथपाल चष्मा पुसू लागले.

सकाळी ४१७चं उत्तर आलं.

'आजोबांचं जन्मसाल चुकलंय. वडिलांना उगाच बदनाम करू नकोस, गाढवा, मीच आहे. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून पाठवली थुंकी. माझ्यापुढे तुझा शेरा आहे : "हट्टी, शिडीचोर, मला ताप असताना खांद्यावर बसवून परीक्षेला नेलं." तो दुरुस्त कर. खांद्यावर नाही, पाठीवर. तू तेव्हाही जड होतास.'

"डोळ्यांत काय गेलं?" बायकोने विचारलं.

"धूळ."

"संगणकातली?"

रविवारी दादा आला. दोघंही शिडीचं नाव काढेनात. शेवटी काहीतरी करायचं म्हणून, बायको कितीतरी वर्षं सरकवायला सांगत होती ते कपाट त्यांनी मिळून सरकवलं.

शिडी त्याच्यामागे होती.