तारेकाकांची उलटतपासणी

तारेकाकांसमोर कुणावर आळ घ्यायची सोय नव्हती. अमक्याने माझी छत्री नेली असं कुणी म्हटलं, की ते चष्मा कपाळावर चढवत आणि शांतपणे विचारत, "पाहिलं, की वाटलं?" पाहिलं म्हणावं तर किती लांबून पाहिलं, उजेड कसा होता, त्याचं तोंड कुणीकडे होतं. शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचता पोचता बहुतेकांना छत्री नकोशी झालेली असे.

इंदूरच्या लॉ कॉलेजात ते माझे वर्गमित्र होते. मी एकवीस वर्षांची, ते त्रेपन्नचे. पहिल्या दिवशी करड्या सफारीतले हे गृहस्थ वर्गात शिरले तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्यांनी मागे वळून कुणी येतंय का ते पाहिलं, आणि कुणीच नाही असं दिसल्यावर संकोचून म्हणाले, "बसा भिया, बसा. अपन भी पढ़ने ही आये हैं."

त्याआधी सव्वीस वर्षं ते एका कापडगिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होते. गेटवर बसायचं आणि कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर गेलं ते लिहायचं. मग गिरणी बंद पडली. त्यांच्या बरोबरीच्यांपैकी कुणी टेंपो चालवायला घेतला, कुणी पोह्यांची गाडी लावली, कुणी बंद गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत ते उघडायची वाट पाहत राहिले. तारेकाकांनी जुनी बी.ए.ची मार्कशीट शोधून काढली आणि एलएल.बी.ला नाव घातलं. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. घरात विचारायला कुणी नव्हतं आणि अडवायलाही.

ते दिवस परदेशी कंपन्या येणार, नवी शोरूम उघडणार, असल्या बातम्यांचे होते. वर्गातल्या हुशार पोरांना कंपनी लॉ हवा होता. तारेकाकांना फौजदारीखेरीज काही नको होतं. कराराच्या कायद्याचा तास ते सर्दी सोसावी तसा सोसत. फौजदारीच्या तासाला मात्र पहिल्या बाकावर, पेन उघडून.

हजेरीच्या वेळी पोरं एकमेकांच्या नावाने 'प्रेजेंट सर' म्हणत. एकदा सरांनी काकांनाच विचारलं, हा मुलगा खरंच वर्गात आहे का? पोरांचे चेहरे उतरले. काका उभे राहिले आणि म्हणाले, "सर, मी आवाज ऐकला. माणूस पाहिला नाही. तो नाही असं मात्र मी म्हणणार नाही, मी मागे वळलो नव्हतो." त्या दिवसापासून मागचे बाक त्यांना वकीलसाब म्हणू लागले.

राजेंद्र नगरला आमच्या घरी ते नोट्स घ्यायला येत. एका सकाळी आई शेजारच्या मांजरीला शिव्या देत होती. दूध तिनेच प्यायलं होतं. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि आईची तपासणी सुरू केली. आईने मांजर नव्हे, शेपटी पाहिली होती. तीही खिडकीबाहेर जाताना. त्या रंगाच्या शेपट्या कॉलनीत किती, हे तिला सांगता येईना. काकांनी संशयाचा फायदा देऊन मांजरीला सोडलं. आईने त्यांच्या बशीत आणखी शेव घातली आणि मला आत येऊन सांगितलं की माणूस चांगला आहे, पण याच्या हाती न्याय गेला तर दूध उघडं ठेवायची सोय राहणार नाही.

पुराव्याच्या कायद्यात साठावं कलम होतं. जी गोष्ट डोळ्यांनी दिसण्यासारखी आहे, तिची साक्ष ती पाहणाऱ्यानेच द्यावी. सरांनी ते दहा मिनिटांत उरकलं. काका उठले. साक्षीदाराने नुसती पाठ पाहिली आणि माणसाचं नाव सांगितलं, तर त्याने पाहिलं काय, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "पाठ, तारेजी." काका खाली बसले. वहीत त्यांनी 'पाठ' एवढंच लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. मी शेजारी बसून हसू दाबत होते.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला. पुराव्याच्या कायद्यात ते वर्गात पहिले आले. पेढे घेऊन घरी आले आणि म्हणाले, "बेटा, बुधवारी खजरान्याच्या गणपतीला चल माझ्यासोबत. मला साक्षीदार पाहिजे."

टेंपोत बसल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. गिरणी चालू असताना एका हिवाळ्यात, सकाळच्या पाळीला कापडाचं एक ठाण चोरीला गेलं. संशय बद्रीलाल नावाच्या विणकर कामगारावर आला. कोर्टात काकांना विचारलं, याला गेटातून जाताना पाहिलं का? काका हो म्हणाले. बद्रीलालला सहा महिन्यांची कैद झाली, नोकरी गेली.

"मी काय पाहिलं होतं सांगू?" काका म्हणाले. "धुक्यात एक भुरं कांबळं. पाठ. तसं कांबळं त्याच्याकडे होतं, म्हणून मला तो वाटला. त्याच्या वकिलाने मला एक सवाल केला असता तर मी अडकलो असतो. तो सवाल कोणता, हे समजायला तीन वर्षं लागली."

सुटल्यावर बद्रीलालने खजराना गणपतीच्या वाटेवर हार-फुलांचं दुकान लावलं होतं. सहा वर्षं काका दर बुधवारी त्याच्याकडून हार घेत होते आणि काही न बोलता परत येत होते.

त्या दिवशी काकांनी दुकानासमोर चपला काढल्या, हात जोडून ताठ उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "बद्रीलालजी, मैं मिल का तारे. कोर्ट में मैंने कहा था कि आपको देखा. मैंने आपका चेहरा नहीं देखा था."

बद्रीलालची सुई झेंडूतून निघाली, पुढच्या झेंडूत शिरली. "पहचानता हूँ बाबूजी, पहले दिन से," तो म्हणाला. मग दोरा ओढून घेत, "था तो मैं ही."

मला वाटलं, सुटले काका. पण त्यांनी मान हलवली. "वो अलग बात है. मैंने नहीं देखा था."

बद्रीलालने पहिल्यांदाच मान वर केली. त्यांच्याकडे पाहिलं. मग बाकड्यावरची टोपली उचलून खाली ठेवली आणि म्हणाला, "बैठिये." काका बसले. गर्दी वाढत होती. बद्रीलालने दूर्वांचा ढीग त्यांच्यापुढे सरकवला, आणि काका एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधू लागले. प्रत्येक जुडी दोनदा मोजून.

परत येताना मी विचारलं, तो खरंच होता, की तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून म्हणाला? काका म्हणाले, माहीत नाही. विचारलं नाही.

"तीन वर्षं उलटतपासणी शिकून?"

"त्यानं बसायला जागा दिली बेटा," ते म्हणाले. "तिथे सवाल नाही करत."

पुढे त्यांनी सनद घेतली. ज्यांना वकील मिळत नाही अशांची कामं ते जिल्हा कोर्टात चालवत. साक्षीदार त्यांना घाबरत आणि आरोपी त्यांना काका म्हणत. बुधवारची तारीख मात्र त्यांनी कधी घेतली नाही.

लग्नानंतर एकदा मी आईला घेऊन खजरान्याला गेले. दुपार होती. हारांच्या आड ते दोघे एका डब्यातून जेवत होते. काकांनी मला पाहिलं, घास हातातच ठेवून घाईने उठले आणि बद्रीलालला सांगू लागले, "ये हमारी बेटी है. हम साथ में पढ़ते थे."