राईतले पावणे

आमचे शेजारी गुणाजीकाका झुडपांना दम देतात. देवराईत वाकून, रानमोडीची मुंडी धरून म्हणतात, "पावण्या, जेवलंस, न्हालंस. आता ऊठ." आणि मुळासकट उपटतात.

रानमोडी परदेशातली. कुणी बोलावली नाही, पण राईभर अशी पसरली की खाली दुसरं रोप जगेना. काकांचा जीव अडकला होता राईच्या मधल्या सुरंगीत. झाड म्हातारं झालेलं, खाली पडलेलं बी उजेडाविना कुजायचं. "ही गेली की सुरंगी संपली," म्हणायचे.

अडचण देवाची होती. आमच्या राईतली सुकी काडीही बाहेर न्यायची नाही, आणि उपटलेली रानमोडी आतच टाकली की पावसात पुन्हा रुजते. काकांनी कौल लावला. गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. काकांनी विचारलं, "म्हाराजा, राईतली काडी भायर न्हेव काय?" डावी पाकळी पडली, म्हणजे नाही. लोक उठले. काका हलेनात.

"देवाक प्रश्न नीट विचारूक होयो," म्हणत त्यांनी पुन्हा हात जोडले. "म्हाराजा, ह्यां तुझां आसा तर डावी दी. पावणो आसा तर उजवी."

उजवी पडली. गुरव म्हणाला, "गुणाजी, तू देवाकय दमवलंस."

पुढे दोन वर्षं काका एकटेच रानमोडी उपटून राईबाहेर टाकत राहिले. एकदा मी मदतीला गेलो आणि उत्साहाच्या भरात एक चांगलं रोप उपटलं. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरं, कंबर माझी गेली होती, त्याचं काही नाही.

यंदा शिमगा झाल्यावर मला हाताला धरून सुरंगीपाशी घेऊन गेले. खाली बोटभर उंचीची चार रोपं.

काकी जाऊन तीन वर्षं झाली. सुरंगीच्या पडलेल्या फुलांचा वळेसर ती इथेच ओवून केसांत माळायची आणि जाताना राईच्या हद्दीच्या धोंड्यावर काढून ठेवायची. फूलही बाहेर न्यायचं नाही ना. "भायर ती माझ्या आयेची सून," काका म्हणाले. "हयच काय ती माझी."

काका रोपाशी वाकले. सवयीने आता 'ऊठ' म्हणतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी अंगठ्याने पानावरची माती पुसली.

"बस गो," म्हणाले. "आता तुका कोण उठवचो नाय."