कुमुदकाकू घर दाखवतात

फ्लॅट बघायला जोडपं आलं की कुमुदकाकू नवऱ्याला आधी स्वयंपाकघरात नेतात आणि पोळ्या लाटायला लावतात. पोळपाट नाही, लाटणं नाही, कणीक नाही. नुसत्या हवेत. तो बिचारा बाल्कनीतून खाडी दिसते का ते बघायला आलेला असतो.

"लाटा," काकू सांगतात. "आता तव्यावर टाका. वळा. कोपर कुठे लागलं?"

"भिंतीला."

"फ्रिज आला की त्याला लागेल. तुमची बायको रोज इथे उभी राहणार. मी आपलं सांगून ठेवते."

हे सगळं घरमालकाच्या देखत. त्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

घराचे दोष स्वतःहून सांगणारा दुसरा इस्टेट एजंट मीरा-भाईंदरमध्ये असेल तर मला दाखवा. काकू नळ सोडून धार बघतात, खिडक्या आपटतात, संडासात जाऊन कडी लावून बघतात. जेसल पार्कात एकदा आतून आवाज आला, "कडी लागते हो, पण निघत नाहीये." सुतार बोलवावा लागला. बाहेर आल्या त्या घाम पुसत गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "बघा, माझ्या जागी तुमच्या सासूबाई असत्या." मालकाने मुकाट्याने कडी बदलून दिली आणि घर त्याच आठवड्यात खपलं. लोकांना खरं ऐकायची सवयच राहिलेली नाही, त्यामुळे ऐकलं की चटकन विश्वास बसतो.

हे काम काकूंनी सुरू केलं ते त्रेपन्नाव्या वर्षी. तोवर डबे, सासूबाईंचं पथ्य, मुलाचे क्लास. नवरा गेला, आणि तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांनी काकूंचं पुढे काय करायचं यावर चर्चा केली. काकूंना चहा करायला आत पाठवून! हे आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. पुरुषाने पन्नाशीत धंदा बदलला तर ते धाडस, बाईने बदलला की लगेच वय मोजायचं. त्यांचे दीर म्हणालेच, "वहिनी, या वयात दलाली?"

"भावजी, या वयात गुडघे दुखतात," काकू म्हणाल्या. "बाकी काही होत नाही."

माझी त्यांची ओळख पत्रकामुळे झाली. 'एकटी बाई चालणार नाही' म्हणणाऱ्या सोसायट्यांविरुद्ध आम्ही काही जणी पत्रकं वाटत होतो. हा नियम कुठल्या कायद्यात आहे ते अजून एकाही कमिटीने मला दाखवलेलं नाही. काकूंनी एक पत्रक घेतलं आणि हात लांब करून वाचलं. "मजकूर बरा आहे गं. पण अक्षर बारीक. कमिटीत सगळे चष्मेवाले." मग सगळा गठ्ठाच मागून घेतला. "मी सेक्रेटरीच्या बायकोला देते. ती तरी वाचेल."

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाने राहतं घर विकायला काढलं. घर त्याच्या नावावर. तो बंगळूरला असतो. आईने तिथे यावं, नातवाला सांभाळावं, असं त्याचं ठरलं होतं. आईला विचारायचं राहून गेलं होतं. गिऱ्हाइकं आणायचं काम मात्र आईकडेच. काकूंनी पहिल्याच गिऱ्हाइकासमोर कपाट सरकवून मागची ओल दाखवली.

मुलाचा फोन आला. "आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"गिऱ्हाइकाच्या. आणि बंगळूरला मी येत नाही. मला इथे कामं आहेत."

ओलीसकट घर विकलं गेलं. आता काकूंनाच घर हवं होतं. पेणकरपाड्यात एक खोली-किचन भाड्याने मिळत होतं. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी स्वतः हवेत पोळ्या लाटून बघितल्या. कोपर कुठे लागलं नाही. मालक तयार होता, अडलं होतं ते सोसायटीच्या कमिटीपाशी. याआधी दोन ठिकाणी नकार आला होता. हीही जागा गेली की बंगळूर.

कमिटीच्या मीटिंगला त्यांनी मला सोबत नेलं. "तू नुसती बस. भाषण करायचं नाही."

सेक्रेटरीने पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, साथ में कौन रहेगा?"

"कोणी नाही."

"मतलब, फॅमिली?"

मी उठले. काकूंनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. आणि मग, जसं घर दाखवतात तसं, स्वतःला दाखवायला घेतलं.

"बांधकाम जुनं आहे. गुडघ्यात कुरकुर आहे. मी घोरते, भिंत पातळ असेल तर शेजारी ऐकू जाईल. पहाटे मिक्सर लावते. कधीमधी सुकट भाजते, वास येणारच. मी आपलं सांगून ठेवते."

सेक्रेटरी गोंधळला. "और अच्छा क्या है?"

काकूंनी विचार केला. "टायटल क्लिअर आहे. माझ्यावर आता कुणाचा दावा नाही."

कमिटीतल्या एक बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांनी पाणी पिता पिताच हात वर करून होकार दिला. सेक्रेटरीने मान हलवली. "ठीक है. सुकट का थोडा देख लेना. बस, एक इमर्जन्सी नंबर दीजिए. रात को कुछ हो गया तो किसको फोन करना?"

काकूंच्या मोबाइलमध्ये अख्खं भाईंदर आहे. 'टेरेसवाले.' 'प्लंबर चांगला.' 'प्लंबर वाईट.' त्या स्क्रीनवर बोट फिरवत राहिल्या. मुलाचं नाव आलं. बोट थांबलं आणि पुढे गेलं. मग नुसतंच खाली खाली जात राहिलं.

मी माझा नंबर सांगितला.

"रिश्ता?" सेक्रेटरीने विचारलं.

नात्याची गरजच काय, हे मी सुरू करणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "लिहून घ्या हो. बोलायला आवडतं हिला, फोन नक्की उचलेल."

जागा मिळाली. रात्री-अपरात्री तो फोन अजून तरी आलेला नाही. दर रविवारी दुपारी मात्र एक मिस्ड कॉल येतो. मी उलट फोन करते.

"काही नाही गं," काकू म्हणतात. "नंबर लागतो का बघत होते."

मग आम्ही तासभर नंबर लागतो का ते बघत बसतो.